मस्टँग, मीठ आणि पत्रा: माझा अनुभव

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ चाकांबरोबर उडून मडगार्डच्या आत, दाराच्या तळाशी, डिकीच्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि पत्रा खातं. २०१९ च्या ऑक्टोबरात मी १९६८ ची फोर्ड मस्टँग घेतली तेव्हा तिने असे कितीतरी हिवाळे काढलेले होते. मागच्या चाकावरच्या पत्र्याला बोट लावलं तर बोट आत गेलं.

तरीही घेतली. कारण होतं नंबरात. गाडीच्या क्रमांकाची सुरुवात ८एफ०१टी अशी होती. आठ म्हणजे १९६८, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची गाडी, आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. थोडक्यात, त्या वर्षातली सगळ्यात साधी मस्टँग, आणि जन्म माझ्या घरापासून अर्ध्या तासावरचा. अशा गाडीला कापायला, वाढवायला, बदलायला मन धजतं. तिच्या नंबरात टी ऐवजी एस असता, म्हणजे ३९० चं मोठं इंजिन असलेली गाडी असती, तर मी तिला कटर लावला नसता. जी गाडी मोजक्याच संख्येने उरली आहे ती जशी आहे तशीच राखावी, आणि जी लाखांनी निघाली तिच्यावर आपला हात चालवावा, हे माझं ठाम मत आहे.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सरळ आहे. सहा सिलिंडरच्या मस्टँगची चाकं चार बोल्टची आणि ब्रेक लहान. व्ही-८ वाल्या, म्हणजे आठ सिलिंडरच्या, गाडीला पाच बोल्टची चाकं आणि मोठे ब्रेक. मी ३०२ चं व्ही-८ इंजिन, त्याला शोभणारा मागचा अॅक्सल आणि पुढे डिस्क ब्रेक बसवले. सुटे भाग मिळतात, पुस्तकं मिळतात, चुकलं तर बोल्ट काढून परत लावता येतात. पत्र्याचं तसं नाही.

माझे मामा कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं डेंटिंगचं काम करत होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या शेडमध्ये बसून राहायचो. एका हातात डॉली, म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, दुसऱ्या हातात हातोडी आणि मध्ये पत्रा. त्यांची हातोडी कधी जोरात पडायची नाही, पण पडायची ती सारखीच. इथे काम सुरू केल्यावर मी दर रविवारी त्यांना व्हिडिओ कॉल लावायचो. मोबाइल पत्र्यासमोर धरायचा आणि मामा कोल्हापुरातून बघायचे.

पहिला धडा गाडी कापायच्या आधीचा. या मस्टँगला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. दोन्ही बाजूंचे मागचे पत्रे एकदम कापले तर सांगाडा हलतो आणि नंतर दार बसत नाही. म्हणून दारं लावलेली असतानाच आतून चौकोनी पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड केले, दाराच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवल्या आणि मगच कापायला घेतलं. एका वेळी एकच बाजू.

समोरच्या काचेखालचा भाग हे या गाडीचं जुनं दुखणं. वायपरखालच्या जाळीतून पावसाचं पाणी आत शिरतं आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरून बाहेर पडतं, अशी रचना. तिथेच आत हवा यायला भोक आहे आणि भोकाभोवती पत्र्याची उभी कड. ती कड गंजली की पाणी थेट पायांवर. मी बादलीभर पाणी ओतलं आणि दोन मिनिटांत गालिचा भिजला. वरचा पत्रा काढायचा म्हणजे एकेक स्पॉट वेल्ड, म्हणजे कारखान्यात मारलेला वेल्डचा ठिपका, ड्रिलने सोडवायचा. दोन आठवडे फक्त तेच केलं. आत काय सापडलं? अर्धी वाटी गंजाची माती आणि मेपलची पानं.

मागच्या चाकांवरचा पत्रा बदलताना माझी मोठी चूक झाली. मला मागे रुंद टायर हवे होते, म्हणून चाकावरची कमान साधारण १८ मिलिमीटर बाहेर काढायचं ठरवलं. बाजारात मिळणारी फायबरची कमान मला नको होती. ती वरून चिकटवलेली दिसते. मला कमान पत्र्यातूनच उगवल्यासारखी हवी होती. ६ मिलिमीटरची सळी वाकवून कमानीची कड केली, चाकाभोवती वेल्डचे छोटे टाके मारून उभी केली आणि मूळ पत्रा ते कड या मधल्या जागेसाठी कागदाचे साचे काढून तुकडे कापले. इथपर्यंत झकास. मग एका शनिवारी रात्री घाई झाली. टाके लांब-लांब मारून पत्रा थंड होऊ देण्याऐवजी मी चार-चार इंचांचा सलग वेल्ड ओढला. सकाळी बघितलं तर कमानीच्या वरचा पत्रा आत खेचला गेला होता आणि दाबला की टिनाच्या डब्यासारखा टक-टक वाजत होता.

मामांना दाखवलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पत्रा तापला की पळतोय, आन् गार झाला की आवळतोय. तू त्याला आवळून टाकलायस. आता वेल्डवरच मार. खाली डॉली, वर हातोडी. वेल्ड ताणल्याबिगर पत्रा सैल हुणार न्हाई."

मी तोवर उलटं करत होतो, खोलगट भाग आतून ठोकून वर काढत होतो. दोष खोलगट भागात नव्हताच. वेल्ड थंड होताना आकसतो, तो आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो, म्हणून पत्रा खाली बसतो. वेल्ड घासून सपाट केला, मागे डॉली धरली आणि बरोबर वेल्डच्या रेषेवर हलकी हातोडी चालवत गेलो. तासाभराने तो टक-टक आवाज बंद झाला. तळहात फिरवला तर पत्रा एकसंध लागला. उजव्या बाजूची कमान करताना मी टाका मारायचो, पंधरा सेकंद थांबायचो, हात लावून बघायचो आणि मग पुढचा टाका दुसऱ्या टोकाला. डाव्या बाजूला सहा आठवडे लागले होते, उजवी तीनमध्ये झाली.

छताचा आणि मागच्या पत्र्याचा जोड हे माझं सगळ्यात आवडतं काम. कारखान्यात हा जोड शिशाने भरलेला असायचा. आजकाल बरेच जण ते शिसं काढून तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात. मला ते पटलं नाही, कारण गाडी वळणावर पिळली जाते तेव्हा ताण याच कोपऱ्यात येतो आणि लांबीला तिथे केस जाते. म्हणून शिशाचंच काम शिकायचं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ही तर कल्हई!

आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. भात्याने निखारे फुलवायचा, पितळेचं पातेलं तापवायचा, नवसागर टाकायचा, धूर निघायचा आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एक फिरक मारायचा. काळं पातेलं आतून चंद्रासारखं व्हायचं. इथेही तेच. पत्रा लख्ख घासायचा, नवसागराच्या जागी फ्लक्स लावायचा, टॉर्चने तापवायचा आणि कथलाचा थर कापडाने पुसत पसरवायचा. मग ३० टक्के कथील आणि ७० टक्के शिसं असलेली कांडी. ती वितळून पाणी होऊ द्यायची नाही; लोण्यासारखी मऊ झाली की लाकडी पट्टीने लिंपायची. पट्टीला मेण लावलेलं, नाहीतर चिकटते. ज्वाला दोन सेकंद जास्त राहिली की सगळं गळून जमिनीवर. वरच्या बाजूला धरलेलं शिसं तीनदा माझ्या बुटावर पडलं. नंतर ते कानसीने घासायचं, पॉलिश पेपरने नाही, कारण शिशाची बारीक धूळ फुप्फुसात जायला नको. मास्क, हातमोजे, वेगळे कपडे, आणि मुलीला त्या दिवसांत गॅरेजमध्ये प्रवेश बंद.

तिथेही एक फटका बसला. प्रायमर मारल्यावर दहा दिवसांनी जोडावर मोहरीएवढे फोड आले. फ्लक्समधलं आम्ल जोडात राहिलं होतं. प्रायमर पुन्हा खरवडला, खायच्या सोड्याच्या पाण्याने जोड धुतला, साध्या पाण्याने धुतला, तापवून कोरडा केला आणि मग एपॉक्सी प्रायमर. फोड परत आले नाहीत.

आता आकाराचे निर्णय. यांवर मी पत्र्यापेक्षा जास्त वेळ घालवला. गाडीचे बाजूने, समोरून, मागून फोटो काढले, मोठे छापले आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून बदल काढत बसायचो. जे कागदावर आवडलं ते मास्किंग टेपने गाडीवर काढायचं आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघायचं. आठवडाभर रोज बघूनही आवडलं तरच कटर.

पुढचा बंपर या कसोटीला उतरला. मूळ बंपर मडगार्डपासून लांब उभा होता, मधल्या फटीतून अख्खा अंगठा जायचा. बंपरची टोकं कापून अरुंद केली, मागचे कंस आखूड केले आणि तो अंगाला चिकटून आणला. क्रोम असलेल्या पोलादावर वेल्डिंग करता येत नाही, त्यामुळे आधी क्रोम उतरवून घ्यावं लागलं आणि शेवटी परत चढवावं लागलं. सगळ्यात महागडा बदल हाच, पण फोटोत दिसतो तोही हाच. कोणाला नेमकं काय बदललंय ते सांगता येत नाही. गाडी एकदम नेटकी वाटते, एवढंच म्हणतात.

छताच्या कडेची पाण्याची पन्हळ काढून टाकायची अनेकांना हौस असते. छप्पर गुळगुळीत दिसतं हे खरं. पण त्या पन्हळीतच छताचा वरचा आणि आतला पत्रा एकमेकांना वेल्ड केलेले आहेत, म्हणजे पन्हळ कापली की तो सगळा जोड नव्याने वेल्ड करायचा. शिवाय काच खाली केली की पाणी थेट मांडीवर. ठेवली.

बाजूच्या दिव्यांचं मला आधी काढून टाकावंसं वाटत होतं. १९६७ च्या मस्टँगला ते नाहीत; १९६८ पासून अमेरिकेत गाड्यांना बाजूला दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले म्हणून आले. टेप लावून ते झाकले आणि आठवडाभर बघितलं. गाडी १९६७ ची वाटायला लागली. टेप काढली. तिची ओळख तिच्याकडे राहू दे.

बॉनेटवर हवेचा उंच भोंगा लावायला दोन मित्रांनी फार आग्रह केला. इंजिन सपाट बॉनेटखाली मावत असेल तर भोंगा कशासाठी, हे माझं उत्तर. पेट्रोलचं झाकण मागच्या पत्र्याच्या मधोमध आहे तिथेच ठेवलं. एक गोष्ट मात्र न दिसणारी केली, आणि जुनी मस्टँग असलेल्या प्रत्येकाला मी ती कळकळीने सांगतो. या गाडीत पेट्रोलची टाकी वरून बसवलेली असते आणि टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. डिकी आणि मागची सीट यांच्यात फक्त गादी आणि पुठ्ठा. मागून धडक बसली तर पेट्रोल आत यायला आडवं काहीच नाही. मी मागच्या सीटमागे पोलादी पत्रा ठोकून सगळ्या कडा बंद केल्या. मुलगी त्या सीटवर बसते.

रंग. दाराच्या पट्टीवर अक्षर होतं एम, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. पांढरा रंग बराच मायाळू असतो, पत्र्यातले चढउतार पोटात घालतो. मला हवा होता गडद निळा, जो काहीच लपवत नाही. मामांनी विचारलं, "लांबी किती जाड हाय?" मी म्हटलं, जास्तीत जास्त दोन मिलिमीटर. "मग मार निळा. पर आधी पाणी मारून दाव."

पाणी मारायचं म्हणजे ओल्या पत्र्यावर उजेड टाकून तिरकं बघायचं. ओला पत्रा रंग दिलेल्या पत्र्यासारखा चमकतो. प्रायमरवर काळी पूड चोळायची, लांब फळीवर पॉलिश पेपर लावून तिरका घासायचा, काळं उरेल तिथे खड्डा. १८० चा पेपर, मग ३२०, मग ४००, मग ६००. फक्त निळ्या रंगासाठी हे काम अडीच महिने जास्त चाललं. शेवटचा रंग आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मी भाड्याच्या बूथमध्ये एका अनुभवी पेंटरकडून मारून घेतला. क्लिअर कोटमधली रसायनं घातक असतात, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. घरच्या गॅरेजमध्ये ते करू नये.

२०२३ च्या ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची दरवर्षीची फेरी, होती. गाडी तिथे नेण्याच्या आदल्या रात्री गॅरेजमधली ट्यूबलाइट लावून मामांना फोन लावला. कोल्हापुरात सकाळ होती. मोबाइल पुढच्या मडगार्डपासून हळूहळू मागे नेला. ट्यूबचं पांढरं प्रतिबिंब मडगार्डवरून दारावर, दारावरून मागच्या पत्र्यावर सरळ धावत गेलं.

"थांब," मामा म्हणाले. "जरा माघारी घे. डाव्या चाकाच्या वर. हितं जरा पोट हाय."

चार बोटांची जागा होती. त्या शनिवारच्या रात्रीचा सलग वेल्ड नेमका तिथून गेलेला.

"हाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे आता," मामा म्हणाले. "इंजिन चालू कर. आवाज ऐकू दे."