सोहळा नेमका कोणासाठी?

रविवार, रात्री उशिरा

काल संध्याकाळी आई-बाबांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाचा समारंभ पार पडला आणि आज सकाळी त्याच निमित्ताने घरातल्या घरात मोजक्या माणसांची एक बैठक झाली. निमित्त एकच असले तरी दोन्हींचा पोत इतका वेगळा होता, की झोपण्यापूर्वी लिहून काढल्याशिवाय राहवेना. समारंभाला १०० च्या आसपास माणसे होती आणि तो तीन तास चालला. १८० मिनिटे १०० जणांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. त्यातून भाषणे, सत्कार आणि छायाचित्रांसाठी रांगेत उभे राहण्याचा वेळ वजा केला, तर ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला त्या दोघांशी कोणालाही धड बोलता येणार नाही, हे आधीपासूनच उघड होते. म्हणूनच आजच्या बैठकीचा आग्रह मी धरला होता, आणि दादाने तो थोडी कुरकुर करून का होईना, मान्य केला होता.

मोठा समारंभ करूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. माणसे जमायला तारीख लागते. "एकदा निवांत भेटले पाहिजे" असे वर्षानुवर्षे म्हणत आलेले नातेवाईक लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला रजा टाकून येतात. सत्तेचाळिसाव्याला त्यांच्यापैकी कोणीही आले नसते, आणि तरी सत्तेचाळीस वर्षांचा संसार काही कमी मोलाचा नसतो. हाताला दहा बोटे असल्यामुळे माणूस दहाच्या पटीत मोजत आला आणि त्यातून काही वर्षांना आपोआप मान मिळाला, बाकीची नुसतीच सरली. हे आकडे काही दगडावरची रेघ नव्हेत. साठाव्या वर्षाचेच पाहा. इंग्रजी प्रथेत हिऱ्याचा मान पूर्वी पंचाहत्तराव्या वर्षाला असे. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीला ६० वर्षे झाली तेव्हा तो सोहळा हीरक महोत्सव म्हणून साजरा करण्यात आला आणि तेव्हापासून हिरा साठावर येऊन स्थिरावला. हे मी दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग पंचावन्नाव्यासाठी एखादा धातू आपणच ठरवून टाकू." त्याच्या थट्टेत तथ्य आहे. माणसे येणार असतील तर धातू कोणताही चालेल.

आई अशा गर्दीत खुलते. काल ती एका जागी दहा मिनिटेसुद्धा बसली नसेल. कोणाच्या नातवंडाचे नाव काय, कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन कधी झाले, हे सगळे तिला तोंडपाठ होते. बाबांची गोष्ट निराळी आहे. त्यांना श्रवणयंत्र लागून आता बराच काळ झाला. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज हरवतात. स्वर खालच्या पट्टीत असल्यामुळे ते बऱ्यापैकी पोहोचतात, परंतु स, श, फ यांसारख्या व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते, आणि ती गेली की समोरचा बोलतो आहे हे कळते, पण काय बोलतो आहे ते कळत नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवते, मात्र त्याबरोबर भोवतालचा गलकाही वाढतो. नव्या यंत्रांत तो थोपवण्याची सोय असली तरी भरलेल्या सभागृहात, ध्वनिक्षेपकावर गाणी चालू असताना, तिची मर्यादा लगेच उघडी पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना दैनंदिन व्यवहारात अडचण येण्याइतका श्रवणदोष असतो. म्हणजे ज्येष्ठांच्या गौरवासाठी भरवलेल्या कोणत्याही समारंभात खुद्द सत्कारमूर्तीलाच काही ऐकू येत नसण्याची शक्यता पुष्कळ असते, आणि तरीही आपण पहिली सोय करतो ती ध्वनिक्षेपकाची.

काल मी बाबांना थोडा वेळ दुरून पाहत होते. एखादा पाहुणा वाकून काही बोलला की ते त्याच्या ओठांकडे पाहत, क्षणभर थांबून हसत आणि मान डोलावत. मग त्यांची नजर आईला शोधी. आई जवळ असली तर त्यांच्या डाव्या कानाशी, कारण तो जरा बरा आहे, दोनच शब्द सांगे: "जुन्या ऑफिसातले." किंवा, "आक्काचा थोरला." तेवढ्यावर बाबा पुढचे संभाषण निभावून नेत. पन्नास वर्षांच्या संसारावर व्यासपीठावरून पुष्कळ लोक पुष्कळ बोलले, पण मला त्या संसाराचे वर्णन करायचे झाले तर मी या दोन शब्दांपासून सुरुवात करीन.

उतारवयात माणसाचा गोतावळा लहान होत जातो आणि आपण त्याला सरसकट एकटेपणा म्हणून मोकळे होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी या समजाला छेद देणारी मांडणी केली आहे. हाताशी असलेला काळ मर्यादित आहे, असे वाटू लागले की माणूस नव्या ओळखी वाढवण्याऐवजी ज्या थोड्या नात्यांतून खरे समाधान मिळते त्यांच्याकडे वळतो, आणि ही निवड तो स्वतः करतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हे केवळ वयावर अवलंबून नसते. गंभीर आजाराला तोंड देणाऱ्या तरुण माणसांतही असाच कल आढळला आहे. हे वाचल्यापासून मला एक प्रश्न सतावतो. वडीलधाऱ्यांसाठी आपण जे सोहळे करतो त्यांत त्यांच्या आवडीचा भाग किती आणि आपल्या हौसेचा, किंवा चारचौघांत दिसण्याचा, भाग किती? आईच्या बाबतीत उत्तर सोपे आहे, तिला काल मनापासून मजा आली. बाबांनी मात्र घरी आल्यावर यंत्र काढून डबीत ठेवले आणि "झाले एकदाचे" एवढेच म्हणाले.

आजची मांडणी म्हणूनच त्यांच्या सोयीने केली होती. दूरदर्शन संच बंद, पंखा बंद, बाबांची खुर्ची भिंतीला पाठ करून, आणि बाकीचे सगळे खिडकीकडे तोंड करून, म्हणजे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. एका वेळी एकानेच बोलायचे आणि ओरडायचे नाही, असा दंडक घातला होता, कारण ओरडल्याने आवाज मोठा होतो तसा तो वेडावाकडाही होतो. त्यापेक्षा सावकाश, शब्द सुटे करून बोललेले अधिक समजते. मधोमध लग्नाचा अल्बम ठेवला होता. जाड काळ्या कागदाची पाने, फोटोच्या कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोणी खोपे आणि दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ कागद, जो उलटताना अजूनही तसाच कुरकुरतो.

"बाबा, जुन्या काळचे काहीतरी सांगा" असे म्हटले की बाबा गप्प बसतात, हा आमचा जुना अनुभव. तेच एखाद्या फोटोवर बोट ठेवून "तुमच्या मागे हा चष्मेवाला कोण?" असे विचारले की चष्मेवाल्याच्या सायकलपासून त्याच्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणापर्यंत सगळे बाहेर येते. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी याची एक बाजू नोंदवलेली आहे: चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले तर साधारण १० ते ३० या वयातले प्रसंग तुलनेने अधिक संख्येने येतात. पहिली नोकरी, घर सोडणे, लग्न, पहिले मूल, या बहुतेक गोष्टी त्याच पट्ट्यात घडतात. लग्नाचा अल्बम त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर उघडतो. कालच्या भाषणांत बाबांच्या निवृत्तीच्या सुमाराचा उल्लेख वारंवार आला, कारण बोलणाऱ्यांना ते तेव्हापासून ठाऊक होते. ते स्वतः आज त्या काळाबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत.

अल्बममध्ये काका कुठेच नाहीत. लग्नातले सगळे फोटो त्यांनीच काढले होते, आणि ते जाऊन आता काही वर्षे झाली. दादाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, एका फोटोच्या खालच्या कडेला जमिनीवर पडलेली एक सावली दिसली; दोन्ही कोपरे बाहेर काढून उभ्या असलेल्या माणसाची. सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढणाऱ्याची सावली अशीच पुढे पडते. बाबांनी अल्बम जवळ घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो अगदी नाकाशी धरून पाहिला. "हाच आमचा फोटोग्राफर. अल्बममधला त्याचा हा एवढाच फोटो." आणि मग काकांच्या गोष्टी निघाल्या. कॅमेरा मित्राकडून मागून आणलेला होता, त्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत, म्हणून काकांनी प्रत्येक घोळक्याला एकच फोटो मिळेल असे बजावले होते आणि डोळे मिटणाऱ्याला पुन्हा संधी दिली नव्हती. आत्याचे डोळे एका फोटोत मिटलेले आहेत. तिने काकांशी त्यावरून बरेच दिवस अबोला धरला होता, हे आम्हाला आज कळले.

भाचीने विचारलेला प्रश्न मला सुचला नसता. "आजोबा, तुम्ही कधी नापास झालात का?" बाबा परीक्षेत नापास झालेले नव्हते, पण लग्नानंतर वर्षभरातच त्यांची पहिली नोकरी गेली होती आणि पुढचे काही महिने घर आईच्या पगारावर चालले होते, ही गोष्ट त्यांनी अगदी सहजपणे सांगितली. मी आणि दादाने ती प्रथमच ऐकली. अमेरिकेतील एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना विचारण्यासाठी २० प्रश्नांची एक यादी तयार केली होती: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडिलांची भेट कशी झाली, तुझा जन्म झाला तेव्हा काय घडले, अशा धर्तीची. ज्या मुलांना अधिक उत्तरे माहीत होती त्यांचा स्वतःविषयीचा विश्वास अधिक आढळला. याचा अर्थ उत्तरे पाठ करून घेतली की मुले कणखर होतील, असा नव्हे. तो संबंध माहितीपेक्षा ज्या घरात अशा गप्पा होतात त्या घराशी आहे, हे ड्यूक यांनीही स्पष्ट केले आहे. चढाबरोबर उतारही सांगणाऱ्या गोष्टी मुलांना अधिक बळ देतात, हे त्यांचे निरीक्षण मला विशेष पटते. कालच्या भाषणांत उतार औषधालाही नव्हता. व्यासपीठावर तो येणारही नाही, आणि यायलाही नको. त्याला अशी छोटी खोलीच लागते.

काल जवळजवळ प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयात काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले असता, दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले गेले होते. वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला असता मात्र आठवण शाबूत राहिली, म्हणजे दोष यंत्राचा नसून लक्ष कुठे आहे याचा. आज आम्ही एकच फोन वापरला, तोही पालथा घालून, फक्त आवाजाच्या नोंदीसाठी. सुरुवातीला बाबा त्याच्याकडे संशयाने पाहत होते. पाच मिनिटांनी त्यांनी त्याच्यावर चष्म्याचे घर ठेवले आणि विसरून गेले. त्यामुळे नोंदीत अधूनमधून ते घर सरकवल्याचा खरखराट आहे.

आता त्या नोंदीचे काय करायचे, यावर दादाचे आणि माझे एकमत होत नाही. त्याला सगळे लिहून काढून, तारखा पडताळून, एक नीटनेटकी पुस्तिका करायची आहे. माझी त्याला हरकत नाही, पण पडताळताना दोघांपैकी एकाचे खोडायचे आणि दुसऱ्याचे ठेवायचे, हे मला मान्य नाही. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी पाऊस पडला आणि दिवे गेले, असे बाबा ठामपणे सांगतात. आई तितक्याच ठामपणे सांगते, की दिवे गेले होते ते तिच्या बहिणीच्या लग्नात, आणि पाऊस तर नव्हताच. दुपारच्या फोटोंत ऊन स्वच्छ दिसते, पण संध्याकाळचा एकही फोटो नाही, कारण तोवर रोल संपला होता. मी दोन्ही हकिगती शेजारीशेजारी छापाव्यात म्हणते. दादा म्हणतो, हे दप्तर आहे, वादविवाद स्पर्धा नव्हे.

शेवटी पुढच्या रविवारी पुन्हा बसायचे आणि अल्बमचा राहिलेला अर्धा भाग पाहायचा, एवढे ठरले. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहिण्याचे काम भाचीकडे दिले आहे, कारण बॉलपेनची शाई पलीकडे उमटते आणि तिचे अक्षर आमच्या सगळ्यांपेक्षा बरे आहे. पावसाचा निकाल लावण्यासाठी आत्याला बोलवावे, असे दादाने सुचवले. ती त्या संध्याकाळी शेवटपर्यंत तिथे होती. आईने संमती दिली, पण आत्या नेहमी भावाचीच बाजू घेते, तेव्हा तिचे मत अर्धेच धरायचे, असेही आताच बजावून ठेवले आहे.