दुवा राहिला, पान गेलं: पाणपोयांच्या नोंदी लावताना

मुंबईतल्या जुन्या पाणपोया आणि विहिरींची नीट नोंद करायची, हे काम आमच्या छोट्या ऑफिसने हाती घेतलं त्याला दीड वर्ष झालं. आम्ही तिघं. ताई आर्किटेक्ट, एक मुलगा मोजमापं घेऊन ड्रॉइंग करतो, आणि कागदपत्रं माझ्याकडे. ऑफिस गिरगावात, दोन खोल्यांचं. कागदपत्रं म्हटलं तरी कपाटात फारसं काही नाही, सगळं संगणकात. ते मी कसं लावलं, कुठे चुकलं आणि कशाने निभावलं, ते लिहिते आहे. असंच काही गोळा करत बसलेल्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी पसारा कसला होता ते सांगते. विहार तलावाचं पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आलं. त्याआधी मुंबई विहिरींवर आणि तळ्यांवर जगत होती. क्रॉस मैदानाजवळची भिखा बेहराम विहीर तर १७२५ सालची. नळ आल्यावर शेठ लोकांनी आपल्या माणसांच्या आठवणीत ठिकठिकाणी पाणपोया बांधल्या. फोर्टातली रतनसी मुळजी जेठा यांची पाणपोई १८९४ ची, वारलेल्या मुलासाठी बांधलेली. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, म्हणजे बोरीबंदर स्टेशनाचा आराखडा ज्यांनी केला तेच. वर तो मुलगा पुस्तक वाचत बसलेला आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ तिथून पाय निघेना. विहिरींचं मात्र उलटं झालं. डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला, हिवतापाच्या डासांची पैदास विहिरींत होते म्हणून पुढे कित्येक विहिरी झाकल्या गेल्या, बुजवल्या गेल्या.

म्हणजे एकेका जागेमागे माझ्याकडे काय काय यायचं? गॅझेटिअरच्या, म्हणजे जुन्या सरकारी माहितीग्रंथाच्या, स्कॅन केलेल्या पानांची पीडीएफ, वर्तमानपत्रातली बातमी, कुणीतरी हौसेने लिहिलेला लेख, वारसा यादीतली नोंद, आमचे फोटो, संगणकावर काढलेली कॅडची ड्रॉइंग आणि शेजारच्या दुकानदार काकांशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग. पहिले पाच-सहा महिने हे सगळं डेस्कटॉपवरच्या फोल्डरांत जात होतं. 'फोर्ट', 'फोर्ट नवीन', 'ताईंना दाखवायचं', 'न्यू फोल्डर' आणि त्यापुढे आकडे. वेबवरची पानं ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये. दोनशेच्या वर बुकमार्क झाले होते आणि मला वाटत होतं की साहित्य जपून ठेवलंय.

एके दिवशी ताईंनी विचारलं, "भायखळ्याच्या त्या पाणपोईवरचा शिलालेख वाचून कुणी लिहिला होता ना, तो काढ गं." मला पान आठवत होतं. बुकमार्क सापडला. क्लिक केलं तर पान नाही. त्या संस्थेने संकेतस्थळ नवीन केलं होतं आणि जुने लेख नव्या जागी आणलेच नव्हते. शिलालेखाचा दगड आता इतका झिजलाय की तिथे जाऊन वाचता येत नाही, म्हणून तर तो लेख मोलाचा होता. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, जिथे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात, शोधलं. लेखाचा मजकूर मिळाला, पण फोटो उघडेनात. दगडावरची अक्षरं लेखकाने कशी लावली हे फोटोशिवाय पडताळता येत नाही. आम्ही मजकूर घेतला आणि शेजारी 'पडताळणी बाकी' असं लिहिलं. ते आजही तसंच आहे. त्या रात्री मुलुंडला घरी जाताना गाडीत मी एकेक बुकमार्क उघडून बघत होते. दादरपासून मुलुंडपर्यंत अकरा दुवे मेलेले निघाले.

दुसऱ्या दिवसापासून मी झोटेरो वापरायला घेतलं. हे संदर्भ गोळा करून ठेवायचं फुकट आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात इतिहासाच्या अभ्यासकांनी ते सुरू केलं, २००६ मध्ये. तेव्हा ते फायरफॉक्सला जोडायचं साधन होतं, आता आपल्या संगणकावर स्वतंत्र चालतं. पीएचडी करणारी मुलं संदर्भसूचीसाठी वापरतात एवढंच मी ऐकून होते. आमच्या कामाला ते वेगळ्याच कारणाने लागलं. ब्राउझरमध्ये त्याचं एक बटण बसतं. पान उघडं असताना ते दाबलं की शीर्षक, पत्ता आणि पान कोणत्या तारखेला बघितलं ते नोंदवलं जातं, आणि सोबत त्या पानाची अख्खी प्रत, चित्रांसकट, एका एचटीएमएल फाइलमध्ये आपल्या डिस्कवर उतरते. याला ते स्नॅपशॉट म्हणतात. उद्या संकेतस्थळ बंद पडलं तरी पान आपल्याकडे राहतं. मराठी संकेतस्थळांवर लेखकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख बहुतेक वेळा आपोआप येत नाही, ती हाताने भरावी लागते. मी ती लगेच भरते. नंतर भरू म्हटलेल्या नोंदी तशाच राहतात, हे मी स्वतःचं बघितलंय.

फोल्डरच्या जागी इथे कलेक्शन असतात आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक तोच पडला. गॅझेटिअरचं एकच पान तीन विहिरींच्या कामाचं असायचं, म्हणून मी त्याच्या तीन प्रती तीन फोल्डरांत ठेवत होते. मग एका प्रतीवर खुणा केलेल्या, बाकीच्या दोन कोऱ्या. झोटेरोत नोंद एकच राहते आणि ती हव्या तितक्या कलेक्शनमध्ये दिसते. विंडोजवर नोंद निवडून कंट्रोलचं बटण दाबून धरलं की ती कुठल्या कुठल्या कलेक्शनमध्ये आहे ते उजळून दिसतं. नव्याने शिकणाऱ्याला एक सांगून ठेवते. कलेक्शनमध्ये असताना डिलीट दाबलं तर नोंद फक्त तिथून निघते, पण मुख्य लायब्ररीत असताना दाबलं तर कचरापेटीत जाते.

आता माझी मोठी चूक. ताईंना घरूनही हे सगळं बघता यावं म्हणून मी झोटेरोचा पूर्ण डेटा फोल्डर आमच्या क्लाउडच्या फोल्डरमध्ये हलवला. असं करू नका, हे झोटेरोवाल्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय, मी ते वाचलं नव्हतं. सगळ्या नोंदी zotero.sqlite नावाच्या, म्हणजे 'झोटेरो डॉट एसक्यूलाइट' अशा एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतात. इकडे माझं काम चालू, तिकडे ताईंनी घरी उघडलेलं, आणि क्लाउड त्या फाइलची अर्धीमुर्धी अवस्था इकडून तिकडे नेतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर डेटाबेस खराब झाल्याचा निरोप. माझे हातपाय गार पडले. चार महिन्यांचं काम त्यात होतं.

वाचलो ते दोन गोष्टींमुळे. झोटेरो स्वतःहून त्या डेटाबेसची एक बॅकअप प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवतं, शेवटी 'बॅक' हे शेपूट लावून. झोटेरो बंद करून, खराब फाइल बाजूला सारून, बॅकअपला मूळचं नाव दिलं आणि पुन्हा उघडलं. दोन दिवसांच्या नोंदी गेल्या, बाकी सगळं जागेवर. दुसरं म्हणजे पीडीएफ आणि स्नॅपशॉट डेटाबेसमध्ये नसतातच, ते स्टोरेज नावाच्या फोल्डरात आठ-आठ अक्षरांच्या उपफोल्डरांत पडलेले असतात. नावं विचित्र दिसतात, पण आतल्या फायली साध्याच. त्या दोन दिवसांत काय उतरवलं होतं ते फायलींच्या तारखा बघून तिथून शोधलं आणि पुन्हा नोंदवलं. डेटा फोल्डर परत संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आणला. ताईंसाठी झोटेरोचंच सिंक सुरू केलं, जे एकेक नोंद मिळवून घेतं, फाइल उचलून नेत नाही.

सिंकमध्ये नोंदींना मर्यादा नाही, पण जोडलेल्या फायलींसाठी फुकट जागा ३०० एमबी. तिघांसाठी ग्रुप लायब्ररी केली, त्यातल्या फायली ग्रुप ज्याच्या नावावर असेल त्याच्या जागेत मोजल्या जातात, म्हणजे माझ्या. गॅझेटिअरचे खंड आणि स्कॅन केलेले जाडजूड अहवाल टाकायला लागल्यावर आठवड्याभरात जागा संपली. पैसे भरून जागा वाढवता येते, पण आम्ही वेगळी वाट काढली. मोठ्या ग्रंथांची ग्रुपमध्ये फक्त नोंद आणि दुवा, मूळ फाइल ऑफिसच्या हार्ड डिस्कवर त्याच नावाने. लेख, बातम्या, स्नॅपशॉट असं लहानसहान ग्रुपमध्ये.

शोधण्याच्या बाबतीत दोनदा फसगत झाली. एक नावांची. जुन्या इंग्रजी कागदांत रतनसी हे नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. मशीद बंदरजवळची १८७६ ची पाणपोई ज्यांच्या नावाची, त्या केशवजी नायकांच्या नावाचंही तेच. आणि मुळात ती वस्तूच कुठे पाणपोई, कुठे प्याऊ, कुठे प्याव, गॅझेटिअरात ड्रिंकिंग फाउंटन. आमच्यात यावर खूप बोलणं झालं. ताईंचं म्हणणं प्याऊ ठेवू, लोक तेच म्हणतात. मला पाणपोई हवं होतं, कारण गिरगावात, लालबागेत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मी तेच ऐकलंय. शेवटी टॅगसाठी पाणपोई ठरलं, आणि मूळ कागदात जे नाव असेल ते तसंच्या तसं टीपेत. टॅग फक्त मराठीत आणि यादीबाहेरचा नवा टॅग तिघांना विचारल्याशिवाय नाही. रंगीत टॅगही ठेवलेत. कीबोर्डवरचा १ दाबला की 'पडताळणी बाकी' लागतो, २ दाबला की 'जागा पाहिली'.

दुसरी फसगत जास्त त्रासाची. १९०९-१० च्या मुंबई शहर आणि बेटाच्या गॅझेटिअरमध्ये मी एका विहिरीचं नाव शोधलं, मिळालं नाही, म्हणून 'उल्लेख नाही' असं लिहून मोकळी झाले. महिनाभराने त्याच खंडाची पानं उलटताना ते नाव समोर आलं. झोटेरो पीडीएफच्या आतला मजकूर शोधतं खरं, पण मुळात प्रत्येक फाइलची पहिली १०० पानंच अनुक्रमात, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या शब्दसूचीत, घेतं. खंड त्याच्या कितीतरी पट मोठा. सेटिंगमध्ये तो आकडा वाढवून सगळा अनुक्रम पुन्हा बांधावा लागला. 'उल्लेख नाही' लिहिलेल्या सगळ्या नोंदी मी एकेक करून पुन्हा तपासल्या. जुन्या मराठी फायलींचं दुखणं आणखी निराळं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमधली पीडीएफ डोळ्यांना सुरेख मराठी दिसते, पण शोधायला गेलं तर आत नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या पानांवर टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, चालवावं लागतं, त्यात मराठी आहे. जोडाक्षरांत चुका होतात, पण शोधण्यापुरतं काम भागतं.

फोटो मी झोटेरोत घातलेच नाहीत. ते ट्रॉपी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, झोटेरो ज्या विद्यापीठात घडलं तिथेच सुरू झालेलं. दफ्तरखान्यातल्या एका कागदाचे सात फोटो काढले तर ट्रॉपीत ते एकाच नोंदीखाली येतात. फोटोंचा फोल्डर मात्र हलवायचा नाही, ट्रॉपी फोटोचा पत्ता लक्षात ठेवतं आणि फोल्डर हलला की पुन्हा सगळे जुळवून द्यावे लागतात. आमच्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "बाळा, जागेवरचे फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव." फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतोच, शिवाय कधी आणि कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते. पहिल्या काही महिन्यांतल्या चाळीसेक फोटोंची तारीख आम्ही त्यापायी कायमची गमावली.

ड्रॉइंग साध्या फोल्डरांतच आहेत. तिथे नावं आखूड केली. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फायलीपर्यंतचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांपुढे गेला की बरेच प्रोग्रॅम अडतात, आणि मराठीत ती मर्यादा लवकर येते. आपल्याला 'क्ष' एक दिसतो, संगणक तीन मोजतो. आमच्या काही फायली हार्ड डिस्कवर कॉपीच होत नव्हत्या, कारण हेच. आता नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग जागेचा क्रमांक, मग एक शब्द. जागेचा तोच क्रमांक झोटेरोच्या कलेक्शनला आणि ट्रॉपीच्या नोंदीलाही आहे.

अजून सगळं लागलेलं नाही. जुन्या फाँटमधल्या तीसेक फायली टेसरॅक्टच्या रांगेत आहेत आणि रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं निम्म्यावर आलंय. शनिवारी काम संपलं की झोटेरो बंद करून त्याचा पूर्ण डेटा फोल्डर, ट्रॉपीचा फोल्डर आणि ड्रॉइंग दोन डिस्कवर उतरवते. एक ऑफिसात राहते. दुसरी माझ्या पर्समधून ठाण्याला मावशीकडे जाते, तिच्या कपाटात, साड्यांच्या खाली.