आमची वाटचाल : टार्पन स्प्रिंग्जच्या धक्क्यावरचं कालिम्नोस

आमच्या घरातून अमेरिकेला आलेला पहिला माणूस ग्रीसमधून आलाच नव्हता. माझ्या नवऱ्याचे पणजोबा कालिम्नोस बेटावरून निघाले, तेव्हा तिथे तुर्की सुलतानाचा अंमल होता. १९१२ मध्ये कालिम्नोससकट दोदेकानीस बेटं इटलीने घेतली आणि ग्रीसच्या वाट्याला ती आली थेट १९४७ च्या तहाने. त्यामुळे आमच्याकडे आधी कालिम्नोस, मग ग्रीस. धक्क्यावरच्या आमच्या हॉटेलच्या मेनूवरही हाच क्रम आहे.

फ्लोरिडातल्या टार्पन स्प्रिंग्जला हे लोक आले ते स्पंजासाठी. खरा स्पंज समुद्राच्या तळाशी वाढणारा जीव असतो, हे मला लग्नानंतरच कळलं. पूर्वी इथले लोक लांब काठीच्या आकड्याने उथळ पाण्यातले स्पंज ओढून काढत. १९०५ मध्ये जॉन कोकोरिस यांनी धातूचं हेल्मेट आणि हवेची नळी लावून बुडी मारणारे ग्रीक पाणबुडे आणले. बघता बघता कालिम्नोस, सिमी, हाल्की या बेटांवरची माणसं इथल्या अँक्लोट नदीकाठी संसार मांडून बसली. १९४७ मध्ये समुद्रातल्या विषारी शेवाळाने मेक्सिकोच्या आखातातले स्पंज मारले, वर बाजारात कृत्रिम स्पंज आले. आजेसासऱ्यांनी होडी विकली आणि धक्क्यावर लहानशी खानावळ टाकली.

जेवण होतं पाणबुड्यांच्या सवयीचं. पोट भरून बुडी मारणं धोक्याचं, म्हणून दिवसभर जवळजवळ उपास आणि संध्याकाळी एकदाच भरपेट. होडीवर महिनोन्‌महिने टिकायचा तो जवाच्या पिठाचा, दोनदा भाजलेला कडक पाव. त्याचंच मेर्मिझेली नावाचं सॅलड आजही आमच्याकडे सगळ्यात वर लिहिलेलं असतं. सासूबाई पाव नळाखाली धरतात आणि पाणी आत शिरलं की लगेच बाजूला घेतात. जास्त भिजला तर लगदा, कमी भिजला तर गिऱ्हाइकाचा दात. टोमॅटो त्या हातात धरून थेट पावावरच चिरतात, म्हणजे रस वाया जात नाही. मग कांदा, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), चीज, ओरेगानो आणि शेवटी ऑलिव्हचं तेल, अगदी सढळ हाताने. तेलाचा हिशेब मी ठेवते, त्यामुळे तो सढळ हात मला चांगलाच ठाऊक आहे!

ऑक्टोपसचे वडे, म्हणजे केफ्तेदेस, हा दुसरा बेटावरचा पदार्थ. मी रत्नागिरीची, तरी आधी बिचकले होते. आता मसाला चाखायचं काम माझ्याकडे आहे. स्पिनियालो मात्र आम्ही देऊ शकत नाही. खडकांवरचे समुद्री जीव समुद्राच्याच पाण्यात मुरवून बाटलीत ठेवतात, ते कालिम्नोसलाच जाऊन खावं.

यीरो, म्हणजे फिरत्या सळईवर भाजलेलं मांस पावात गुंडाळून, ठेवू नका, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. तो बेटाचा नाही, हे खरंच. पण फिरायला येणाऱ्या दहांतले आठ जण तोच मागतात आणि मेर्मिझेलीचं नुकसान तोच भरून काढतो. ग्रीक सॅलडच्या खाली बटाट्याचं सॅलड घालायची इथली पद्धतही आम्ही पाळतो. ग्रीसमध्ये असं कोणी करत नाही, पण इथे ते नसलं तर गिऱ्हाईक काटा खाली ठेवून आधी तक्रार करतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळात समुद्राचं पाणी धक्का ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं. फ्रीज गेले, वायरिंग गेलं, फरशी उखडावी लागली. विमा होता, पण त्याची कागदपत्रं पुरातून वाचली एवढंच, कंपनीची उत्तरं अजून येताहेत. ओट्यांची उंची वाढवून, विजेची बटणं भिंतीवर वर नेऊन आम्ही पुन्हा सुरू केलं. उधारीवर मासे देणाऱ्यांनी त्या काळात सांभाळून घेतलं.

आता पुतण्या रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसतो. ६ जानेवारीला एपिफनीच्या, म्हणजे येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या दिवशी गावातल्या स्प्रिंग बायू या खाडीच्या पाण्यात टाकलेला क्रूस काढायला १६ ते १८ वर्षांची मुलं उड्या मारतात, यंदा त्यात तोही आहे. त्या दिवशी सकाळी हॉटेल बंद. दुपारनंतर बुकिंगशिवाय या, जागा होईल तसं बसवू.