आईचं १०२४

परवा आईनं १०२४ केले! माझ्याच लॅपटॉपवर, मी अंघोळ करून येईपर्यंत, आणि मला हाक मारून दाखवले. २०४८ हा गेम तुम्ही खेळला असालच, सोळा घरं, बाणाची चार बटणं, सारखे दोन आकडे भिडले की त्यांचा एक दुप्पट आकडा होतो, बास. एवढंच मी तिला सांगितलं होतं, पुढचं तिचं ती शिकली, बे दुणे चार, चार दुणे आठ असं पुटपुटत खेळते.

मला ब्राउझर गेम आवडतात ते यासाठीच. इन्स्टॉल नाही, लॉगिन नाही, ओटीपी नाही, टॅब उघडला की डाव सुरू. गॅब्रिएले चिरुल्ली नावाच्या १९ वर्षांच्या इटालियन मुलानं मार्च २०१४ मध्ये एका वीकेंडला हा लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून तर त्याच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या. पण आकडे सरकवून जोडायची मूळ कल्पना थ्रीजची, तो गेम जेमतेम महिनाभर आधी आला होता आणि त्याच्यामागे १४ महिन्यांची मेहनत होती, थ्रीजचं नाव २०४८ बरोबर घेतलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मी अजून गिटहबवरचा, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवरचा, जुनाच उघडतो. मोठा आकडा खालच्या कोपऱ्यात बसवायचा आणि वरचं बटण दाबायचंच नाही, हे आईलाही आपोआप कळलं. पण एक वेळ अशी येतेच की डावीकडे, उजवीकडे, खाली काहीच सरकत नाही, मग नाइलाजानं वर दाबावं लागतं, कोपऱ्यातला ठोकळा वर जातो आणि नेमका त्याच्या जागी एक २ येऊन बसतो. पोटात गोळाच येतो त्या क्षणी. नवीन ठोकळा बहुतेक वेळा २ चा असतो, दहातून एखादा ४ चा, आणि कुठे पडेल ते आपल्या हातात नसतं.

टॅब बंद केला तरी डाव ब्राउझरमध्ये तसाच राहतो. आत्ताही कोपऱ्यात ५१२, शेजारी २५६ आणि १२८ आहेत, आई कुकर लावायला उठलीय आणि जाताना सांगून गेलीय, "अरे, हात लावू नकोस हं त्याला."