परत न आलेली रेषा

जुलैत वेंगुर्ल्याला लाईटचा भरवसा नसतो, म्हणून माझी सगळी गणितं पुण्यातल्या संगणकावर चालतात, घरी फक्त निकाल येतात. त्या दुपारी लाईट आली, लॅपटॉप उघडला आणि आलेख बघून मी ताडकन उभीच राहिले.

थंड, फुगलेल्या राक्षसी ताऱ्यांचं वातावरण गणिताने उभं करायचं, हे माझं काम. तिमिंगल तारकासमूहातला मीरा त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला. साधारण 332 दिवसांत तो एकदा फुगतो आणि आक्रसतो. त्या हेलकाव्यातून आघात-तरंग उठतात, वायू वर फेकला जातो, पण तेवढ्याने सुटत नाही. वर तापमान दीड हजार केल्विनच्या खाली उतरलं की धुळीचे कण धरतात. ताऱ्याचा प्रकाश कणांना रेटतो आणि कण वायूला ओढून नेतात. या ताऱ्यांचा वारा तो हाच.

मीरासारख्या ऑक्सिजनबहुल ताऱ्यांत गोम अशी, की तिथे सिलिकेटची, म्हणजे वाळू-दगडासारख्या खनिजांची, धूळ धरते. तिच्यात लोह असेल तर कण तापून विरतो, नसेल तर प्रकाश आरपार जातो, मग रेटा कुठून मिळणार? 2008 मध्ये खगोलशास्त्रज्ञ सुझान ह्योफनर यांनी दाखवलं, की लोहविरहित कण मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही दशांशाएवढे वाढले तर ते प्रकाश विखुरतात आणि तेवढा रेटा पुरतो. 2012 मध्ये अशा ताऱ्यांजवळ सुमारे 0.3 मायक्रॉन त्रिज्येचे कण निरीक्षणांत सापडलेही. या विषयात इतका देखणा युक्तिवाद मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या गणितात मात्र वारा सुटत नव्हता. म्हणून या खेपेला बीजकण, म्हणजे ज्यांच्यावर धूळ साचत जाते ते इवले कण, दहापट कमी केले. खाणारी तोंडं कमी, तर प्रत्येकाच्या वाट्याला जास्त.

आलेखात वायूच्या प्रत्येक थराची एक रेषा असते, तो थर वेळेनुसार ताऱ्यापासून किती उंच गेला ते दाखवणारी. रेषा चढतात, वाकतात, खाली येतात, पुन्हा चढतात. सगळ्यात वरची रेषा ताऱ्याच्या दोन त्रिज्यांपाशी वाकली, तिथेच रेंगाळली आणि मग थेट वर निघून गेली. वारा सुटला होता. तिच्यामागून दुसरी.

पावसाळी मासेमारीबंदीमुळे होडी वर काढलेली, त्यामुळे शेजारचे आबा ओटीवरच होते. "काय गो, काय गावला?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"ताऱ्यार पण वारो असता? ढकलता कोण?"

"उजेड, आबा."

त्यांनी त्या रेषेच्या वाकणावर बोट ठेवलं. "मगे हय इतको वेळ कित्याक थांबलो?"

नेमकी जागा धरली होती त्यांनी! तिथला वायू इतका विरळ, की कणाला पुरेसं मोठं व्हायला जवळजवळ एक अख्खा हेलकावा लागतो. तेवढा वेळ थर वर तरंगत राहिला तरच वारा सुटतो, नाहीतर सगळं खाली कोसळतं. हे सांगितलं तेव्हा आबांनी मान डोलावली आणि विचारलं, कण अजून कमी केलेस तर?

तर उरलेले थोडे कण पुरेसा रेटा मिळण्याइतके वेळेत वाढणारच नाहीत आणि वारा पुन्हा पडेल. ती खालची मर्यादा नेमकी कुठे आहे, ते मलाही बघायचं होतं. आधी वेग तपासला. अशा ताऱ्यांच्या वाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला 5 ते 20 किलोमीटर मोजला गेला आहे आणि माझा त्यात बसत होता. मग बीजकण आणखी कमी करून पुढचं गणित पुण्याला लावून दिलं.