माझाच नंबर, ओटीपी दुसऱ्याला

2020 च्या मे अखेरीपर्यंत मी दर बुधवारी काहीतरी लिहून ऑनलाइन टाकायचे. वाडीतलं, चुलीवरचं, हर्णैच्या बंदरात संध्याकाळच्या लिलावाला काय मासळी आली त्याचं. मग 3 जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या सत्तर पोफळींतल्या अकरा उभ्या राहिल्या आणि लिहिणं थांबलं. यापलीकडे त्यावर लिहायचं नाही, म्हणून तर थांबलं होतं.

2025 च्या फेब्रुवारीत शिंपणं करताना, त्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी एकीला पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आलेली दिसली. बुधवारच होता. हात धुऊन फोन घेतला, म्हटलं आज लिहायचंच.

पासवर्ड आठवला, हेही नवल. पण पुढची पाटी आली: तुमच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे. आणि शेवटचे दोन आकडे दिसले ते जुन्या नंबरचे. वादळानंतर गावात त्या कंपनीची रेंज कित्येक दिवस नव्हती. जिची आधी आली तिचं सिम आम्ही घेतलं. जुन्यात पैसे भरायचे राहून गेले. तीन महिने वापर नसला की नंबर बंद करता येतो आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकतात, हे मला तेव्हा कोण सांगणार?

एसटीने दापोलीला गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, हा नंबर आता दुसऱ्याच्या नावावर आहे, कस्टमर केअरला विचारा." कस्टमर केअरची बाई म्हणाली, "कृपया नोंदणी केलेल्या नंबरवरून फोन करा." अगं बाई, तो असता तर तुला कशाला फोन केला असता! आठवड्याने पुन्हा गेले. तेच उत्तर, वर पाऊण तास रांग.

शेवटी मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. त्या दिवसांत कुठेही फोन लावला की घंटीच्या आधी फसवणुकीपासून सावध राहायची सूचना वाजायची. ती अख्खी ऐकली. मग बीडकडचा एक माणूस बोलायला लागला.

"दादा, हा नंबर आधी माझा होता."

"बरं. मग?"

"आता तुमच्या मोबाईलवर सहा आकडे येतील, तेवढे..."

"ताई, दुसरं घर बघा." फोन बंद.

मला इतका राग आला की मी ह्यांना फोन लावायला सांगितला. तो आणखी भडकला. "सकाळी बाई, आता बुवा? पूर्ण टोळीच आहे का?" हे हसत सुटले. मी दोन दिवस ह्यांच्याशी नीट बोलले नाही. खरं तर तो माणूस शंभर टक्के बरोबर होता. मला असा फोन आला असता तर मी याहून वाईट बोलले असते.

ओटीपीशिवायचाही एक रस्ता असतो, त्यात प्रश्न विचारतात. खातं केव्हा उघडलंत? महिना, वर्ष? मी कधी 2012 टाकलं, कधी 2013. दर वेळी उत्तर एकच: हे खातं तुमचंच आहे याची खात्री पटली नाही, काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा. हे सगळं मी दापोलीच्या स्टँडवर बसून, भाच्याच्या फोनवरून करत होते. तीच चूक. सतरा दिवस असे गेले.

रविवारी दिराची मुलगी आली होती. माझं रडगाणं ऐकून म्हणाली, "काकू, मी ज्या टॅबवर कार्टून बघायचे ना, त्यावर तुझंच नाव यायचं." तो टॅब कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली. तासभर चार्जिंगला लावला तेव्हा कुठे उजळला. मी फोनवरून पुन्हा पासवर्ड घातला आणि टॅबवर प्रश्न आला: तुम्हीच आहात का? मी 'हो' दाबलं. संपलं. एवढ्यासाठी एसटीच्या चार फेऱ्या! दोन वर्षं हात न लावलेलं खातं कंपनी काढूनही टाकू शकते. पोरगी गेल्या वर्षापर्यंत कार्टून बघत होती, म्हणून माझं लिखाण शिल्लक राहिलं.

तेव्हा कुणाचं असं अडलं असेल तर आधी घरातली जुनी यंत्रं काढा, आणि प्रयत्न घरूनच करा, नेहमीच्या वायफायवर. आत शिरल्यावर पहिलं काम नंबर बदलायचं. मी ते केलं नाही, दोन तास जुनं लिखाण वाचत बसले आणि रात्री अंथरुणातून उठून नंबर बदलला. ओटीपी येत नसेल तेव्हा चालणारे बॅकअप कोड मिळतात, तेही कागदावर उतरवून घ्या. माझे रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत.

लिहिणं त्या मानाने सोपं गेलं. बोटं मात्र विसरली होती. पहिल्याच मजकुरात 'घाटातल्या दर्या' असं गेलं. हे म्हणाले, "घाटात समुद्र कधी आला?" दऱ्या लिहायला साधा र नाही चालत, ऱ घेऊन त्याचा पाय मोडून य लावावा लागतो, हे पाच वर्षांत पार गेलं होतं. आता पंप सुरू केला की बसते आणि पाणी शेवटच्या आळ्यापर्यंत पोचलं की उठते. जेवढं झालं तेवढं बुधवारचं. लाईट गेली तर मजकूर आखूड.

हो, एक राहिलं. परवा बीडहून फोन आला. माझा नवा नंबर त्याच्याकडे होताच.

"ताई, तुमच्या विम्याच्या हप्त्याचा मेसेज माझ्याकडे आलाय. 15 तारीख आहे. रक्कम नाही सांगणार."