सहावी इनिंग

मुलींची नावं लिहीत नाही, जर्सीच्या नंबरांनीच सांगते. ही गोष्ट सात नंबरची आहे आणि माझी.

न्यू जर्सीत आमच्या गावच्या रिक्रिएशन लीगमध्ये मी दहा वर्षांखालच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची कोच आहे. इथे निवड चाचणी नसते. आईवडिलांनी नाव नोंदवलं की मुलगी संघात. कोचही आमच्यासारखे पालकच, नोकरी सांभाळून मंगळवारी संध्याकाळी सराव घेणारे आणि शनिवारी सामन्याला उभे राहणारे.

जूनमधल्या एका शनिवारी आमची सेमीफायनल होती. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर मी लाइनअपचा, म्हणजे कोणती मुलगी कुठल्या इनिंगला कुठे उभी राहणार याचा, तक्ता घेऊन बसले. बारा मुली, मैदानात दहा (आमच्याकडे आउटफिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात, चार जणी असतात), इनिंग सहा. इन्फिल्डच्या, म्हणजे बॅटिंग करणारीच्या जवळच्या भागातल्या, सहा जागा; तेव्हा एकूण छत्तीस चौकोन. लीगचा नियम असा की प्रत्येक मुलीला सामन्यात किमान एक इनिंग इन्फिल्डला द्यायचीच.

हा नियम का आहे, ते या वयाचा एक सामना पाहिला की कळतं. चेंडूचा घेर अकरा इंच, पिचर पस्तीस फुटांवरून चेंडू टाकते आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलींनी मारलेले बहुतेक चेंडू जमिनीवरून सरपटत इन्फिल्डमध्येच अडतात. राइट फिल्डला, म्हणजे आउटफिल्डच्या उजव्या बाजूला, उभ्या असलेल्या मुलीकडे अख्ख्या सामन्यात दोन चेंडू गेले तरी खूप. ती उन्हात उभी राहते, थोड्या वेळाने गवत उपटायला लागते. लांबून वाटतं, हिचं खेळात लक्षच नाही. पण लक्ष द्यावं असं तिच्या वाट्याला आलेलंच काय असतं?

माझ्याकडे चौघी भक्कम होत्या: पिचर, कॅचर, फर्स्ट बेस आणि शॉर्टस्टॉप. (बेस म्हणजे धावताना ओळीने गाठायचे थांबे: फर्स्ट, सेकंड, थर्ड; मग होमला पोचलं की रन. शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मध्ये उभी राहते.) शॉर्टस्टॉप म्हणजे माझीच मुलगी. तिचा हात खरंच चांगला आहे. आणि कोचच्या मुलीला त्या जागेवरून कुणी हलवत नाही, हेही तितकंच खरं आहे. सात नंबरने एप्रिलमध्ये पहिल्यांदा ग्लव्ह घातला होता. अबोल मुलगी. सांगाल तिथे जाऊन उभी राहायची.

मी चौकोन भरत गेले. पहिल्या पाच इनिंग भक्कम मुली आत. सहाव्या इनिंगला, थर्ड बेस: सात नंबर.

सीझनभर मी हेच करत आले होते. साध्या सामन्यांना घड्याळ असतं, नव्वद मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू होत नाही. त्यामुळे बहुतेक सामने चौथ्या-पाचव्या इनिंगलाच संपतात. सहावी क्वचित होते. सामना वेळेमुळे संपला तर राहिलेल्या इनिंगबद्दल लीग कुणाला विचारत नाही. कागदावर नियम पाळलेला असायचा आणि सात नंबर मात्र राइट फिल्डमध्येच असायची.

सेमीफायनलला घड्याळ नव्हतं.

सामना चांगला झाला. आम्ही पुढे, मग त्या पुढे, मग पुन्हा आम्ही. सहावी इनिंग सुरू झाली तेव्हा आम्ही आठ-सात असे पुढे होतो आणि शेवटची बॅटिंग त्यांची होती. तक्त्याप्रमाणे सात नंबर फेसमास्क लावून थर्ड बेसवर गेली. माझ्या पोटात गोळा आला. तिला बदलावं असं मनात येऊन गेलं, पण नियम होता. आणि सगळ्यांदेखत तिला परत बोलावण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

दोन जणी आउट झाल्या. आमची पिचर दमली होती, तिने लागोपाठ तिघींना वॉक दिला, म्हणजे चुकीचे चेंडू टाकून फुकट फर्स्ट बेस दिला, आणि तिन्ही बेस भरले. पुढच्या मुलीने चेंडू मारला तो थेट सात नंबरकडे, बेताच्या वेगाने, एक टप्पा घेऊन.

तिने तो स्वच्छ पकडला. गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी, मंगळवारी शिकवलं होतं अगदी तसा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बेस भरलेले असले की धावणाऱ्या प्रत्येक मुलीला पुढच्या बेसवर जावंच लागतं. अशा वेळी तिला चेंडू लावावा लागत नाही, चेंडू हातात घेऊन त्या बेसवर पाय ठेवला की ती आउट. याला फोर्स आउट म्हणतात. सात नंबर थर्ड बेसपासून दोन पावलांवर उभी होती. दोन पावलं चालली असती तर सामना तिथेच संपला असता. होमकडे धावणाऱ्या मुलीचा रनसुद्धा धरला गेला नसता.

ती चालली नाही. चेंडू हातात घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं.

“बेस! बेसवर पाय!” मी ओरडले. माझी मुलगी ओरडली, आईबाप ओरडले आणि त्या गोंगाटात तिला काहीच ऐकू गेलं नसावं. एक रन झाला. मग तिने घाईत फर्स्ट बेसकडे फेकला, चेंडू डोक्यावरून गेला आणि दुसरी मुलगीही होमला पोचली. नऊ-आठ. संपलं.

सामन्यानंतर एक बाबा माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा लाल होता. “शेवटच्या इनिंगला, बेस भरलेले असताना, तिला तिथे कशाला ठेवलंत?” मी नियमाकडे बोट दाखवलं. ते खरं होतं आणि तरीही ते उत्तर नव्हतं.

गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून मुलगी म्हणाली, “आई, तिला फोर्स आउट माहीतच नव्हता. ती कधी तिथे उभीच राहिली नाही ना.”

घरी आल्यावर मी सीझनच्या सगळ्या लाइनअप काढल्या. नऊ सामने. कागदावर सात नंबर नऊही सामन्यांत इन्फिल्डला होती. प्रत्यक्षात झालेल्या इनिंग मोजल्या, तर दोन.

जळगावकडे आमच्या शाळेचा सॉफ्टबॉलचा संघ होता. तालुका, जिल्हा, विभाग अशा स्पर्धा आम्ही खेळायचो. म्हणजे नऊ जणी खेळायच्या, दरवेळी त्याच. मी अकरावी. सर म्हणायचे, “तू तयार राहा.” मी चार वर्षं तयार राहिले, चेंडू गोळा केले, बॅटी उचलल्या. सात नंबर राइट फिल्डकडे निघाली की मीही तिला हेच सांगायचे: “तयार राहा हं.” हे त्या रात्री तक्त्यांवर बसल्याबसल्या लक्षात आलं आणि पुढे मोजवेना.

जिंकणं महत्त्वाचं नाही असं मी कधी म्हणणार नाही. नऊ वर्षांच्या मुलींना स्कोअर तोंडपाठ असतो, हरल्यावर त्या खरंच रडतात आणि त्या रडण्याला मान द्यायला हवा. मी जिंकायला बघत होते ही चूक नव्हती. शिकवायचं काम मी सहाव्या इनिंगवर ढकलत राहिले. एप्रिलमधल्या एखाद्या थंड शनिवारी, पहिल्याच इनिंगला ती थर्ड बेसवर उभी राहिली असती आणि तिथेच तिच्या हातून हे झालं असतं, तर आम्ही दोन रन गमावले असते आणि मंगळवारी ते दुरुस्त केलं असतं. ती चूक करायची जागा मी तिला सेमीफायनलच्या शेवटच्या चेंडूवर दिली.

रविवारी तिच्या आईला फोन केला. माफी मागितली, तक्त्यांचं सगळं खरं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “काल रात्री ती झोपताना विचारत होती, नुसता पाय ठेवला असता तरी चाललं असतं का?”

सीझन संपला होता. तरी मंगळवारी सहा वाजता आम्ही तिघी मैदानावर गेलो: ती, माझी मुलगी आणि मी. मुलीला सेकंड बेसवर धावणारी म्हणून उभं केलं. प्रत्येक चेंडूआधी सात नंबरने आधीच सांगायचं, चेंडू आला तर काय करणार. पहिल्या चार-पाच वेळा तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मी बॅट खाली ठेवून वाट बघत राहिले.

मग ती बेसला पायाने टोचून ओरडली, “इथेच! इथे पाय!”

मी चेंडू मारला.